भुताला आधी नियम द्या, दात नंतर

राजारामपुरीतल्या चित्रकलेच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: "काका, ओटीटीवरचे भयपट बघून कंटाळा आलाय. सगळीकडं तेच करकरणारं दार आणि तोच आरशातला चेहरा. यापेक्षा वेगळं, चमत्कारिक असं काय बघू, वाचू, ऐकू? आपल्या कोल्हापुरात या जातीचं काही आहे की भुतं सगळी कोकणातच? आणि मला चोवीस पानांचं एक भयकथेचं कॉमिक काढायचंय, तर सुरुवात कुठून करू? नारायण धारपांची एखादी कथा घेतली तर चालेल का?"

रंकाळ्यापासून कर. काठावरच्या नंदीची गोष्ट घरात कुणीतरी सांगितली असेलच. तो म्हणे रोज गव्हाच्या दाण्याएवढा रंकाळ्याकडं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो. ज्या दिवशी तो पाण्यात पोचेल त्या दिवशी जग बुडेल. लहानपणी आम्ही चौपाटीवर भेळ खात यावर तावातावानं भांडायचो. तांदूळ कुठला धरायचा? आंबेमोहर धरला तर नंदी पुढं जातोय आणि जग बुडतंय. बासमती धरला तर उलटा घराकडंच निघालाय, म्हणजे काळजी नाही. हसायला येतं, पण या गोष्टीत एक थेंब रक्त नाही, किंकाळी नाही, भूतसुद्धा नाही. तरीही एकदा ऐकली की माणूस त्या नंदीसमोर उभा राहून मनातल्या मनात अंतर मोजतो. जगाचा शेवट ठरलाय आणि त्याचा हिशेब धान्यात मांडलाय. या प्रकारातलं जगभरचं मी बरंच वाचलं-पाहिलं, पण इतक्या थोडक्यात इतका गारठा आणणारं फार थोडं सापडलं.

मी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करतो, पुस्तकांना चित्रं काढतो आणि गणपतीत मंडळांचे देखावे उभे करतो. म्हणजे लोकांना पैसे घेऊन दचकवणं हा माझा दरसालचा धंदा. त्या धंद्यातून माझं एक ठाम मत झालंय: भुताचा चेहरा कसा आहे यानं फारसं काही होत नाही, त्याचा नियम काय आहे यानं होतं. तो नियम जितका क्षुल्लक, हिशेबी आणि कुणाचीही गय न करणारा, तितकी गोष्ट अंगावर येते. तुला कंटाळा आलेल्या भयपटांत नेमका हाच नियम नसतो. तिथलं भूत वाटेल तेव्हा येतं आणि वाटेल ते करतं. त्यामुळं प्रेक्षकाला मनातल्या मनात काही मोजताच येत नाही, तो फक्त दचकतो.

वेताळ घे. गोष्ट अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या सोमदेवाच्या कथासरित्सागरातून आलीय. राजानं प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट चालायचं. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, बोललास तर प्रेत परत झाडावर. या कात्रीत राजाची एकामागून एक फेरी होते, आणि सुटका कशानं होते तर शेवटच्या कोड्याचं उत्तर त्याला खरोखरच येत नाही म्हणून. बापानं मुलीशी आणि मुलानं त्या मुलीच्या आईशी लग्न केलं, तर त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? राजा गप्प. हुशारी ही शिक्षा आणि अज्ञान ही सुटका, असा पेच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसवून ठेवलाय. हे आपल्याकडं चांदोबातून घरोघरी पोचलं. शंकर या चित्रकारानं काढलेला तो राजा, एका हातात तलवार आणि खांद्यावर लोंबणारं प्रेत, एवढ्या एका चित्रावर आमच्या पिढीची अर्धी झोप गेली. त्याच सुमाराला इंद्रजाल कॉमिक्समधून दुसरा एक वेताळ यायचा, जांभळे घट्ट कपडे घालून कवटीच्या गुहेत राहणारा, म्हणजे ली फॉकचा १९३६ सालचा फँटम. शिवाजी पेठेत वेताळमाळ तालीम, चांदोबात झाडावरचा वेताळ आणि रद्दीच्या दुकानात घोड्यावरचा वेताळ, या तिन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही हे कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली. तेवढी वर्षं मजेत गेली.

आता बाहेरचं. मासाकी कोबायाशीचा १९६४ सालचा 'क्वायदान' बघ. चार गोष्टी आहेत, संथ आहेत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बसावं लागेल. त्यातली होइचीची गोष्ट माझ्या मते सर्वांत भारी. हा आंधळा गायक बिवा हे तंतुवाद्य वाजवून जुन्या लढाईची गाणी म्हणतो, आणि त्या लढाईत मेलेल्यांची भुतंच त्याला रोज रात्री गायला बोलावू लागतात. त्याला वाचवायला मठातला पुजारी त्याच्या अंगभर मंत्र लिहून काढतो. जिथं अक्षर आहे तो भाग भुताला दिसणार नाही. कान तेवढे राहून जातात. पुढं काय होतं ते तू ओळखलंस ना? माझं म्हणणं तेच आहे. पुजाऱ्याचा ब्रश कानाजवळून पुढं जातो तेव्हाच आपल्याला सगळं कळलेलं असतं, आणि भूत आल्यावर आपण फक्त आपलाच हिशेब बरोबर निघताना बघतो.

तसाच १९६७ सालचा सोव्हिएत 'वीय', गोगोलच्या कथेवरचा. एका विद्यार्थ्याला तीन रात्री चर्चमध्ये मेलेल्या मुलीपाशी बसून प्रार्थना वाचायची असते. तो स्वतःभोवती खडूचं रिंगण काढतो. रिंगणातला माणूस तिला दिसत नाही, ती हवेत हात फिरवत त्याला चाचपडत राहते. तिसऱ्या रात्री ज्याच्या पापण्या जमिनीपर्यंत लोंबतात त्या वीयला आणतात. तिथं नियम उलटतो: आता भुतानं बघण्यापेक्षा माणसानं बघणं घातक. पुठ्ठ्याचे मुखवटे आणि दोऱ्या आज उघड दिसतात, तरी ते दृश्य काम करतं. संगणकावर केलेल्या कित्येक महागड्या राक्षसांना ते जमत नाही.

आपल्याकडचा 'तुंबाड' तू पाहिलाच असशील. २०१८ साली आला तेव्हा फार लोकांनी पाहिला नाही, २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा थिएटरं भरली. त्याच्या मुळाशी नारायण धारपांची एक कथा आहे, आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देणारं. पुन्हा बघताना फक्त कणकेकडं लक्ष ठेव. हस्तर या शापित देवपुत्राला सोनं मिळालं पण अन्न नाकारलं गेलं, म्हणून तो कणकेच्या बाहुलीवर तुटून पडतो. ती बाहुली संपेपर्यंत जेवढी नाणी काढता येतील तेवढी तुमची. एवढ्याच नियमावर अख्खा सिनेमा उभा आहे. आपल्या कुठल्याही स्वयंपाकघरात असतो तो पिठाचा गोळा, आणि माणसाची हाव किती मोठी हे आता त्या गोळ्यावर मोजलं जातंय.

आणि 'झपाटलेला'ला नाक मुरडू नकोस. महेश कोठाऱ्यांचा हा १९९३ सालचा सिनेमा अमेरिकन बाहुलीपटावरून घेतलाय हे सगळ्यांना माहीत आहे, पण तात्या विंचूला परत माणूस व्हायचं असेल तर ज्याला त्यानं आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच देहात शिरावं लागतं, हा नियम तिथं चोख पाळलाय. म्हणून लक्ष्याची धावपळ विनोदी असूनही पोरं खुर्चीत पाय वर घेऊन बसायची. रामदास पाध्यांचा तो बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा तो आवाज, नाद खुळा. रामसे बंधूंचे सिनेमे मात्र एखाददुसरा बघितलास तरी पुरे. धूर आणि हिरवा-लाल उजेड कसा वापरायचा हे त्यांच्याकडून शिकता येतं, गोष्ट नाही.

कोल्हापुरात काय आहे, असं विचारलंस. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून तू शंभरदा गेली असशील. बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. कॅमेरा त्यांनी दामल्यांना हाताशी धरून इथंच बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी इथंच काढली, आणि त्यांचा 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की तो भाग पुढं कापावा लागला. आता गंमत बघ. त्याच महिन्यात, २६ तारखेला, बर्लिनमध्ये 'कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी' लागला. जगभरची भयपटांची पुस्तकं या सिनेमापासून सुरू होतात. त्याची वाकडी घरं आणि तिरक्या सावल्या कापडावर रंगवल्या होत्या, आणि त्या रंगवणारेही मुळात चित्रकारच. तीन आठवड्यांच्या आत, एकमेकांचा पत्ता नसताना, पडदे रंगवणाऱ्या हातांनी दोन ठिकाणी प्रेक्षकाला हादरवायचा उद्योग केला. एकानं जगच वाकडं रंगवलं, दुसऱ्यानं पुराणातला वध डोळ्यांपुढं घडतोय असा उभा केला. तू चित्रकलेची विद्यार्थिनी आहेस, या दोन वाटांतली तुझी कुठली हे तुलाच ठरवायचंय. माझी कॅलिगारीची, पण मंडळांना बाबूरावांची आवडते.

प्रभात फिल्म कंपनीही मूळची इथलीच, ती पुण्याला गेली १९३३ मध्ये. त्याआधी, कोल्हापुरात असतानाच, त्यांनी १९३२ मध्ये 'माया मच्छिंद्र' काढला. स्त्रीराज्यात अडकलेला गुरू, त्याला सोडवायला निघालेला शिष्य गोरख, राणी दुर्गा खोटे आणि मच्छिंद्रनाथ गोविंदराव टेंबे. शेवटी जे जे पाहिलं ते सगळं माया होतं असं निघतं. "हे सगळं स्वप्नच होतं" असा शेवट आज कुणी केला तर मी पुस्तक भिरकावून देईन. नाथांच्या गोष्टीत मात्र तो चालतो, कारण तिथं माया हा विषयच आहे, शेवटाला लावलेली पळवाट नाही.

या निमित्तानं एक सांगतो. आजीच्या कपाटात लाल कापडात गुंडाळलेला नवनाथ भक्तिसार असेल तर तो काढ आणि पोथी म्हणून नाही, गोष्टी म्हणून वाच. धुंडिसुत मालूनं १८१९ साली लिहिलेले चाळीस अध्याय आहेत. मच्छिंद्रनाथांनी मूल व्हावं म्हणून दिलेलं भस्म एक बाई विश्वास न बसून उकिरड्यावर टाकते. बारा वर्षांनी ते परत येतात, उकिरड्यापाशी उभे राहून हाक मारतात, आणि आतून उत्तर येतं. गोरखनाथ तो. पुढं हाच गोरख पोरवयात संजीवनी मंत्र पाठ करतोय. गावातली मुलं चिखलाची गाडी करतात आणि त्यावर बसायला गाडीवान करून दे म्हणतात. तो तोंडानं मंत्र घोकत हातानं चिखल मळत राहतो, आणि बाहुलं जिवंत होतं. मुलं भूत भूत म्हणत पळतात. ते बाहुलं म्हणजे गहिनीनाथ. इथला नियम बघ किती निष्ठुर आहे: मंत्राला तुमचा हेतू लागत नाही. तुम्ही खेळताय की साधना करताय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, अक्षरं बरोबर पडली की काम होणार. प्रागच्या ज्यू दंतकथेतला मातीचा गोलेम जगभर गाजला, त्याच्यावरचा जर्मन सिनेमाही १९२० चाच. आपला चिखलाचा पोरगा देव्हाऱ्यात बसून आहे. तुला कॉमिकचा विषय हवा असेल तर उकिरड्यातून आलेल्या त्या उत्तरावर मी पैसे लावीन.

पुस्तकांचं थोडक्यात. धारप वाचायचेच. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून घेतलीय, तरी परदेशी पिशाच मराठी गावाच्या अंधारात कसं बसवायचं याचा तो वस्तुपाठ आहे. त्यांची भाषा साधी, जवळजवळ कारकुनी, आणि तीच त्यांची ताकद. भयकथेत विशेषणं वाढली की भीती कमी होते, हे धारपांना पक्कं ठाऊक होतं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत भूत बाहेरून येत नाही, ते दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, पाहुण्यांसमोर, चहाच्या कपाआड आधीच बसलेलं असतं. धारपांनंतर लगेच मतकरी वाचलेस तर दोघांतला फरक नीट कळेल. मग जी. ए. कुलकर्णी. 'रमलखुणा'मधलं 'इस्किलार' वाच. त्याला भयकथा म्हटलं तर जीएंचे भक्त मला रंकाळ्यात टाकतील, पण नियती हाच नियम आणि त्यातून सुटका नाही, इतकं भयाण मराठीत दुसरं नाही. वाचायला जड जाईल. जाऊ दे. 'करवीर नगर वाचन मंदिर' १८५० पासून उभं आहे ते कशासाठी? तिथं जुने दिवाळी अंक बघायला मिळाले तर 'धनंजय' आणि 'नवल'चे चाळ. कथा सगळ्याच चांगल्या नसतात, पण चित्रं आणि शीर्षकांची अक्षरं बघण्यासारखी असतात.

कॉमिक्समध्ये तुझा गुरू एकच, जपानचा जुंजी इतो. हा माणूस आधी दंततंत्रज्ञ होता, आणि रेषेत ते दिसतं, इतकी बारीक आणि स्वच्छ. 'उझुमाकी'त एका गावाला झपाटतं कोण, तर गोल गोल फिरत जाणारा आकार. भूत नाही, शाप नाही, फक्त आकार. पण तुला चोवीस पानंच काढायचीत, म्हणून आधी त्याची ती छोटी गोष्ट वाच ज्यात भूकंपानंतर डोंगराच्या कड्यावर माणसाच्या आकाराची भोकं उघडी पडतात. लोक लांबून बघायला येतात, आणि एकेकाला आपल्या मापाचं भोक ओळखू येतं. "हे माझ्यासाठीच केलंय." संपला नियम. इतकी छोटी गोष्ट वाचून पन्हाळ्याच्या तटाखाली उभं राहायला नको वाटतं.

अमेरिकेत १९५० च्या सुमाराला ईसी कॉमिक्सनं भयकथांचा धुमाकूळ घातला होता. १९५४ मध्ये कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवरच घालून घेतलेली नियमावली, आला आणि शीर्षकात 'हॉरर' शब्द वापरायलाही बंदी झाली. रक्तपिशाचं, चालती प्रेतं सगळी हद्दपार. दहा वर्षांनी 'क्रीपी' या भयकथांच्या मासिकवाल्यांनी पळवाट काढली: मासिकाच्या आकारात, काळ्यापांढऱ्यात छापायचं, म्हणजे ते कॉमिक ठरत नाही आणि कोड लागू होत नाही. काळ्यापांढऱ्यात त्यातलं कितीतरी काम अधिक देखणं झालं. तूही रंगाच्या मागं लागू नकोस.

संगीत. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० ला आली, वार शुक्रवार. पहिलंच गाणं पाऊस आणि चर्चच्या घंटेनं सुरू होतं, आणि मग गिटारवर तीनच स्वर येतात: सा, तार सा, आणि तीव्र मध्यम. पेटी असेल तर काळ्या एकला सा धरून वाजवून बघ. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातलं हे अंतर युरोपात सैतानाच्या नावानं ओळखलं जायचं. गिटार वाजवणाऱ्या टोनी आयोमीची दोन बोटं कारखान्यात पत्र्याच्या यंत्रात टोकाला तुटलेली. तो प्लास्टिकची टोपणं लावून वाजवायचा, पुढं त्यानं तारा सैल केल्या, आणि त्या जडपणातून हेवी मेटल हा एक अख्खा संगीतप्रकार निघाला. आता याच तीव्र मध्यमाकडं आपल्या बाजूनं ये. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी मारवा ऐक. पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादाला किंवा धैवताला लावतात. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि गवई षड्जावर येणं टाळत राहतो. घर समोर दिसतंय पण दार सापडत नाही. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात राहून भीतीचं संगीत म्हणजे व्हायोलिनच्या किंकाळ्या असं समजणं बरं नव्हे.

'क्वायदान'ला तोरू ताकेमित्सूचं संगीत आहे, ते वेगळं ऐक. लाकूड चिरल्या-फाटल्याचे आवाज त्यानं वापरलेत, आणि तेही चित्राशी तंतोतंत न जुळवता. डोळ्यांना एक दिसतं आणि कानावर भलतंच पडतं. हे मी देखाव्यात उचललं. हलगी-घुमक्याचा ठेका चालू ठेवायचा, लोक त्यावर पाय टाकत आत येतात, आणि बरोबर वळणावर तो तोडायचा. शांततेत माणूस आपोआप थांबतो. घाबरवायला त्याच्यापुढं काही आणावंच लागत नाही.

देखाव्याचं अजून एक सांगतो, तुला पानांसाठी उपयोगी पडेल. अरुंद बोळातून रांग चालते. पुतळा उडी मारतो, पहिला किंचाळतो. नवशिक्या कारागिराला वाटतं की पहिल्याला घाबरवलं, काम झालं. पण त्या रांगेत सर्वांत जास्त कोण घाबरलेला असतो? चौथा-पाचवा. त्याला काही दिसलेलं नाही, किंकाळी ऐकू आलीय, मागचे ढकलतायत आणि पुढं जाण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून मी सगळी मेहनत त्या चौथ्या माणसासाठी करतो. वळण असं ठेवतो की त्याला पुढच्याची फक्त पाठ दिसावी, आणि ती पाठ दचकताना दिसावी.

कॉमिकमध्ये तो बोळ म्हणजे पान उलटणं. एक नंबरचं पान उजवीकडं येतं, म्हणजे विषम पानं उजवीकडं, सम पानं डावीकडं. दचकवायचं चित्र उजव्या पानावर टाकलंस तर डावं पान वाचताना वाचकाची नजर आधीच तिकडं जाते, आणि सगळं मुसळ केरात. ते नेहमी पान उलटल्यावरच्या सम पानावर, वरच्या पहिल्या चौकटीत हवं. त्याच्या आधीच्या विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत पाठ दाखव, चेहरा नको. चोवीस पानांत वाचक बारा वेळा पान उलटतो. बाराही वेळा दचकवलंस तर चौथ्यापासून तो जांभया देईल. दोनदा पुरे. बाकी दहा वेळा तो घाबरत पान उलटेल आणि काही निघणार नाही, तिथं त्याला नियम समजत जाऊ दे.

छपाईत सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे चोवीस पानं दीड फर्मा, मधोमध पिन मारायला सोयीची. सत्तर जीएसएम जाडीचा मॅपलिथो कागद स्वस्त पडतो, पण तू काळा भरून टाकणार, आणि मागच्या पानावर तो आरपार दिसणार. शंभरचा घे. रंगीत छापायचंच ठरलं तर मोठ्या काळ्या भागाखाली थोडा निळा द्यायला सांग, काळा खोल दिसतो. अक्षरं मात्र निव्वळ काळ्यातच ठेव, नाहीतर रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं तरी काना-मात्रांना सावल्या फुटतील. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, ओळींना उंची जास्त लागते, म्हणून फुग्यात मजकूर निम्मा कर. आवाज फुग्यात घालू नकोस, चित्रातच रेखाट. सळसळ, खुडबुड, टपटप, करकर एवढं भांडार घरात असताना इंग्रजी कॉमिकमधले आवाज देवनागरीत लिहिणारे लोक मला समजत नाहीत.

शेवटी हक्कांचं, कारण तू धारपांची कथा घेऊ का असंही विचारलंयस. परवानगीशिवाय नाही. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. धारप गेले २००८ मध्ये, म्हणजे २०६८ संपेपर्यंत. वारसांना रीतसर पत्र लिही, फार तर नाही म्हणतील. न विचारता केल्यावर काय होतं याचा जुना दाखला आहे. १९२२ साली जर्मनांनी नावं बदलून 'ड्रॅक्युला'चा 'नोस्फेराटू' केला, ब्रॅम स्टोकरच्या विधवेनं दावा लावला आणि कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही बाहेरच्या देशांत गेलेल्या होत्या म्हणून वाचल्या. सोमदेव, मालू आणि रंकाळ्याचा नंदी यांच्या गोष्टी घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. शंकरच्या वेताळाची नक्कल मात्र करू नकोस. गोष्ट जुनी असली तरी ते चित्र त्यांचं आहे. आधी चोवीस पानांचे थंबनेल, म्हणजे छोटे कच्चे आराखडे, पेन्सिलीत काढ, पोस्टकार्डाएवढे, आणि त्यांचे फोटो पाठव. शाईला हात लावायचा तो त्यानंतर.